टायर गार असताना

शोरूममध्ये त्यांना सगळे दाजी म्हणत. मालक म्हणत, कारण ते मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान होते. बाकीचे म्हणत, कारण मालक म्हणत. हिशेबनीस म्हणे, गाड्या धुणारे म्हणत, विक्री विभागातल्या टाय लावलेल्या मुली म्हणत, आणि एकदा तर कंपनीच्या मुख्य कार्यालयातून ‘श्री. दाजी, व्यवस्थापक’ अशा पत्त्याचं पत्र आलं होतं. दाजींनी त्यावर काही हरकत घेतली नाही. आपल्याला व्यवस्थापक का केलं हे त्यांना ठाऊक होतं, जगालाही ठाऊक होतं, आणि निदान हाक मारताना तरी प्रामाणिकपणा असावा असं त्यांचं मत होतं.

दाजींकडे काम होतं नव्या गाड्या ग्राहकाच्या ताब्यात देण्याचं. म्हणजे बॉनेटवर लाल रिबीन, पुठ्ठ्याची हातभर किल्ली, फोटो, आणि फोटोत सगळ्यांच्या मागे मान उंच केलेले दाजी. गाडी देण्यापूर्वी एकशे सत्तेचाळीस मुद्द्यांची तपासणी करायची असा कंपनीचा नियम होता. त्याचा चार पानी तक्ता होता. तो छापखान्यातूनच बरोबरच्या खुणा करून येई. एकशे सत्तेचाळीस खुणा हाताने करताना मनगट दुखतं, अशी तक्रार एका बैठकीत कोणीतरी केली होती, आणि मालक कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची काळजी घेणारे होते.

त्या तक्त्यात एकसष्टावा मुद्दा होता टायरमधल्या हवेचा. त्याच्याही पुढे छापील खूण होतीच. पण तेवढी एक खूण रोज कोणीतरी पेनाने खोडत असे आणि तिच्याशेजारी बारीक अक्षरात आकडे लिहीत असे. ते अक्षर बाईंचं.

बाई मागच्या यार्डात काम करत. वय चोपन्न, नोकरी एकोणीस वर्षांची. कंपनीच्या कागदावर त्यांचं पद ‘वितरणपूर्व निरीक्षक’ असं होतं, पण एवढं लांबलचक नाव घेऊन कोणी हाक मारत नाही, म्हणून नुसतं बाई. खाकी एप्रन, एप्रनच्या खिशात स्वतःच्या पैशाने घेतलेला प्रेशर गेज, आणि काखेत जाडजूड रजिस्टर. बाई सकाळी साडेसहाला येत आणि एकामागून एक गाड्यांची हवा बघत. वर्कशॉपच्या इमारतीची सावली साडेनऊपर्यंत यार्डावर असे. सावली सरून ऊन पहिल्या रांगेला लागलं, की बाई गेज खिशात टाकत आणि दिवसभर नट, बॅटऱ्या, दिवे, स्टेपनी बघत. हवा मात्र मग दुसऱ्या दिवशी सकाळी. दुपारी येऊन एखादा विक्रेता कितीही हातापाया पडला, तरी बाई म्हणत, “उद्या.” विक्री विभागाचं म्हणणं होतं की ही बाई प्रत्येक गाडीमागे एक दिवस खाते.

मालकांनी त्यावर उपाय शोधला. त्यांनी एक मशीन घेतलं. कपाटाएवढं, निळ्या रंगाचं, चार नळ्यांचं. आकडा दाबायचा, चारही चाकांना नळ्या लावायच्या, जास्त हवा असेल तर सोडली जाते, कमी असेल तर भरली जाते, आणि काम झालं की ते ‘टुंग’ असा आवाज करतं. मालकांनी त्याला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला.

“दाजी,” मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “हे मशीन पाच मिनिटांत गाडी मोकळी करतं. मग बाईंचं पद कशाला ठेवायचं? पण मी अन्याय करणारा माणूस नाही. तुम्ही दोन दिवस घड्याळ लावून त्यांचं काम मोजा आणि या कागदावर अहवाल द्या.”

कागदावर एकच ओळ होती. ‘सदर पद आवश्यक / अनावश्यक आहे. (नको तो शब्द खोडावा.)’

“शनिवारी मला सही करायची आहे,” मालक म्हणाले. “आणि दाजी, तुम्ही योग्य तेच लिहाल हे मला ठाऊक आहे. ताईला पण मी तसंच सांगितलंय.”

ताई म्हणजे दाजींची बायको. रात्री जेवताना तिनेही आठवण करून दिली. “माझ्या भावाने सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला डोक्याचं काम दिलंय. तेवढं नीट करा.”

“रिबिनीचं काम डोक्याचं नाही होय?”

“ते हाताचं. तेसुद्धा तुमची गाठ सुटते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दाजी वही आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन यार्डात उभे राहिले. बाई एका नव्याकोऱ्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. हाताची पालथी बाजू त्यांनी टायरला लावली, ताप बघावा तशी. मग गेज लावला, काढला, पुन्हा लावला.

“घड्याळ चालू केलंत का दाजी?” मान न वळवता त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“एवढ्या सकाळी तुम्ही रिबीन घेऊन येत नाही. शिंकले तर तेवढं वजा करा.”

दाजी ओशाळले. खरं तर त्यांना थोडं बरंही वाटलं, कारण लपवायची कटकट मिटली. “किती आहे हवा?” त्यांनी विचारलं.

“चव्वेचाळीस.”

“आणि किती हवी?”

बाईंनी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला. “तेहेतीस. टायरच्या अंगावर आणखी एक मोठा आकडा असतो, तो टायर किती सहन करेल त्याचा. कित्येक शहाणे तोच वाचतात. गाडीला किती हवी ते इथे दारात लिहिलेलं असतं.”

“मग कारखान्यात चव्वेचाळीस कशाला भरतात? त्यांना वाचता येत नाही?”

“येतं की. गाडी कारखान्यातून निघते, ट्रेलरवर चढते, साखळ्यांनी आवळतात, महिना-दीड महिना कुठल्यातरी गोदामात उभी राहते. कमी हवेत इतके दिवस उभी राहिली तर टायर खालून चपटा बसतो. म्हणून प्रवासापुरती मुद्दाम जास्त भरतात. इथे आली की कोणीतरी ती सोडायची, असं ठरलेलं आहे.” बाईंनी बोटाने व्हॉल्व्ह दाबला. हवा बारीक फुसफुसली. “त्यांना वाटतं शोरूमवाले सोडतील. शोरूमवाल्यांना वाटतं त्यांनी बरोबरच भरली असेल. आणि घेणारा म्हणतो नवी गाडी जरा उडते, चार महिन्यांनी बसेल. ती बसत बिसत नाही. ब्रेक दाबला की दोन हात पुढे जाऊन थांबते, एवढंच.”

यातलं काहीच ठाऊक नसताना दाजी सहा वर्षं रिबीन बांधून गाड्या पाठवत होते. त्यांनी मनातल्या मनात एकदा फोटोतली माणसं आठवून पाहिली आणि मग आठवायचं सोडून दिलं.

“पण हे दुपारी का नाही चालत?” त्यांनी विचारलं. “विक्रीवाले रडतात.”

“टायर गार लागतो, दाजी. स्टिकरवरचा आकडा गार टायरचा आहे. उन्हात उभी असली, चालून आली, ट्रेलरवर भाजून आली, की आतली हवा फुगते. तेव्हा तो आकडा खरा नसतो. माणूस तापात काय बोलतो त्यावर आपण सही घेतो का?”

दाजींना वाक्य आवडलं. त्यांनी वहीत लिहिलं, ‘बाईंना बोलायची हौस.’ खाली लिहिलं, ‘एका गाडीस बावीस मिनिटे.’

बावीस मिनिटांत बाईंनी चार चाकं आणि पाचवी स्टेपनी बघितली होती. प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजलं होतं, व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून बुडबुडा येतो का ते पाहिलं होतं आणि रजिस्टरमध्ये दोन रकान्यांत आकडे लिहिले होते. पहिला रकाना ‘आढळली’, दुसरा ‘ठेवली’. त्या पानाची कार्बन प्रत फाडून त्यांनी गाडीच्या समोरच्या कप्प्यात ठेवली.

“हे कोणी वाचतं?” दाजींनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मग कशाला ठेवता?”

“गाडी ज्याची त्याला आपण काय केलं ते कळायला नको?” बाई म्हणाल्या आणि पुढच्या गाडीकडे गेल्या. हे उत्तर मालकांच्या कागदातल्या कुठल्याच शब्दात बसत नव्हतं, म्हणून दाजींनी ते वहीत घेतलं नाही.

शुक्रवारी दुपारी दीड वाजता आठ व्हॅन आल्या. एका रुग्णालयाच्या होत्या. ज्यांचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर शुद्ध करावं लागतं अशा पेशंटना घरून आणायला आणि घरी सोडायला. आत पाठ टेकायच्या खुर्च्या, धरायला दांड्या, चढायला खाली सरकणारी पायरी. शनिवारी सकाळी नऊला रुग्णालयाची माणसं ताब्यात घ्यायला येणार होती, आणि पहिली फेरी त्याच दुपारी होती.

दाजी हिशेबाला बसले. आठ गाड्या, प्रत्येकी बावीस मिनिटे, म्हणजे एकशे शहात्तर. साडेसहा ते नऊ एकशे पन्नास. बाई वेळेत बसत नव्हत्या.

“मी सहाला येते,” बाई म्हणाल्या. “तीन तास मिळतात.”

“पहाटे सहाला कशाला येता? मशीन आहे की.”

“आत्ता?”

“आत्ता.”

बाईंनी ट्रेलरवरून उतरलेल्या पहिल्या व्हॅनच्या चाकाला हाताची पालथी बाजू लावली आणि लगेच काढून घेतली. “तापलंय, दाजी.”

“मशीनला ताप कळत नाही,” दाजी हसून म्हणाले. त्यांना वाटलं, आपणही बाईंसारखं एखादं वाक्य बोलून गेलो.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. “नाही कळत,” त्या म्हणाल्या आणि बॅटऱ्या बघायला गेल्या.

मशीनने आपलं काम चोख केलं. दाजींनी तेहेतीस दाबले, नळ्या लावल्या, मशीनने हवा सोडली आणि ‘टुंग’ केलं. आठ गाड्या, चाळीस मिनिटे. दाजींच्या आयुष्यात स्वतःच्या हाताने एवढं काम एवढ्या वेळात कधी झालं नव्हतं. गाड्या धुणारे गोळा होऊन बघत होते. मालक काचेच्या आडून बघत होते. त्यांनी अंगठा वर केला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मेहुण्याकडे बघून अंगठा वर केला होता, आणि त्या अंगठ्याच्या भरात दाजींनी संध्याकाळी कागद काढला, पट्टी घेतली, आणि ‘आवश्यक’ हा शब्द अगदी सरळ रेषेत खोडला. कागद मालकांच्या टेबलावर ठेवून ते घरी गेले. जेवताना बायकोने स्वतःहून दुसऱ्यांदा वाढलं.

शनिवारी ते साडेसातला आले. आठ रिबिनी म्हणजे आठ गाठी, आणि घरी झालेल्या बोलण्यानंतर त्या पक्क्या बांधायच्या होत्या. यार्डात चांगलाच गारवा होता. व्हॅनच्या टपांवर दव होतं. पाचव्या व्हॅनच्या मागच्या चाकाजवळ बाई बसल्या होत्या.

“तुम्हाला नको म्हटलं होतं ना,” दाजी म्हणाले.

“सहाला येते असं मी म्हटलं होतं.”

“पण हवा झाली आहे. काल मशीनने तेहेतीस केली. मी स्वतः पाहिलं.”

बाईंनी गेज त्यांच्या हातात दिला. “आता स्वतः बघा.”

दाजी गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले. गेज लावला. काटा अठ्ठावीसवर थांबला. त्यांनी काढला, पुन्हा लावला. अठ्ठावीस. दुसऱ्या बाजूला गेले. सत्तावीस.

“गळती आहे?” त्यांनी क्षीणपणे विचारलं.

“सगळ्या बत्तीस चाकांना एका रात्रीत? नाही दाजी. काल ती हवा तापलेली होती म्हणून तेहेतीस दिसत होती. रात्रीत गार झाली. ही सत्तावीसवाली बाजू ट्रेलरवर उन्हाकडे होती, ती जास्त तापली होती, म्हणून जास्त उतरली.”

“गाडीत दिवा असतो ना? हवा कमी झाली की लागतो तो.”

“पाव हिस्सा हवा गेल्याशिवाय लागत नाही. ह्या गाड्या अशाच गेल्या असत्या. वळणावर झोल खाल्ला असता, टायर कडेने झिजले असते, दुपारच्या उन्हात भरल्या गाडीने पळताना तापले असते. आत बसणार ती माणसं नुकती सुया काढून उठलेली.”

काल संध्याकाळची सरळ रेषा दाजींच्या डोळ्यांपुढे आली. मशीन चुकलं नव्हतं. मशीनला तेहेतीस सांगितलं, त्याने तेहेतीस केलं. दुपारी दोन वाजता सांगणारा मात्र चुकला होता, आणि त्याला परवाच कोणीतरी हे समजावून सांगितलं होतं, आणि त्याने ते हौसेच्या खात्यात जमा केलं होतं.

“बाई,” थोड्या वेळाने ते म्हणाले, “त्या कागदावर मी काय लिहिलं, तुम्हाला…”

“मालकांची केबिन झाडते ती माझ्या शेजारी राहते.”

“तरी तुम्ही सहाला आलात.”

“मला काढणार पुढच्या महिन्यात,” बाई म्हणाल्या. “गाड्या आज जाणार. ती नळी धरा जरा, पीळ पडतोय तिला.”

दाजींनी नळी धरली. आयुष्यात त्यांनी बरीच माणसं पाहिली होती. मोठी म्हणवणारी, मोठी दिसणारी, आणि फोटोत मध्ये उभी राहणारी. एकाही माणसाकडे बघताना त्यांना असं वाटलं नव्हतं की आपण जरा बाजूला उभं राहावं, याच्यावर आपली सावली पडू नये. बाई एका चाकावरून दुसऱ्यावर जात होत्या. घाई नव्हती, राग नव्हता, ‘मी सांगितलं होतं’ असा चेहराही नव्हता. हवा भरायच्या, थांबायच्या, मोजायच्या, केसभर जास्त झाली तर बोटाने सोडायच्या. जो माणूस आपली भाकरी पट्टी लावून खोडून गेला, त्याची चूक त्या निस्तरत होत्या, आणि तीसुद्धा तीनदा मोजून. दाजींनी मोबाइलकडे सवयीने पाहिलं. शेवटच्या तीन गाड्यांना प्रत्येकी सोळा मिनिटं लागली. नळी धरायला माणूस असला की एवढा फरक पडतो, अशी नोंद त्यांनी मनात केली. दाजींच्या मोजणीतून काही उपयोगाचं निघाल्याची ती पहिलीच वेळ.

पावणेनऊला बाई रजिस्टर घेऊन बसल्या. दाजी मागून वाकले. ‘आढळली’च्या रकान्यात अठ्ठावीस, सत्तावीस, अठ्ठावीस, सत्तावीस असं उतरत चाललं होतं, आणि शेऱ्यात लिहिलं होतं, ‘काल दुपारी २ वाजता टायर गरम असताना मशीनने सोडली. सोडणारे: दाजी.’

दाजींनी शेऱ्यावर बोट ठेवलं. “बाई, आजचे हे आकडे लिहायलाच हवेत का? हवा तर आता बरोबर आहे.”

“आढळली ते लिहायचं, दाजी. नाहीतर रकान्याचं नाव बदलून ‘आवडली’ करावं लागेल.”

“आणि ही प्रत प्रत्येक गाडीत जाणार?”

“जाणार.”

“आठही?”

“कुठल्या एका गाडीवर तुमचा राग आहे का?”

दाजी रिबिनी बांधायला गेले.

नऊला रुग्णालयाची माणसं आली. प्रशासक म्हणून एक डॉक्टरीणबाई, आणि त्यांच्याबरोबर रुग्णालयाचा मुख्य ड्रायव्हर. पांढऱ्या मिशा, हात मागे बांधलेले, गाडीकडे बघण्यापूर्वी गाडीच्या खाली बघणारा. मालकांनी स्वागत केलं, आणि रिबिनीपर्यंत थांबायचाही धीर न होता पाहुण्यांना आधी मशीनपाशी नेलं.

“आमचं नवं मशीन,” मालक म्हणाले. “काल दुपारी आमच्या दाजींनी याच्यावर आठही गाड्यांची हवा केली. बघा आज.” त्यांनी एका व्हॅनला नळ्या लावल्या. पडद्यावर तेहेतीस आले. ‘टुंग’. “रात्र गेली तरी केसाचा फरक नाही. हातकामात हे होत नाही. दाजी, या, तुमचीच कामगिरी, दोन शब्द बोला.”

दाजी पुठ्ठ्याची किल्ली छातीशी धरून पुढे आले. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्यात खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, फक्त हसायचं होतं, आणि फोटोत हसण्याचा त्यांना सहा वर्षांचा अनुभव होता. बाई लांब वर्कशॉपच्या दाराशी उभ्या राहून हात पुसत होत्या. त्या इकडे बघतही नव्हत्या. बघत असत्या तर कदाचित दाजी गप्प बसले असते, कारण मग त्यांना कोणीतरी भाग पाडल्यासारखं वाटलं असतं.

“ही तेहेतीस बाईंची आहे,” दाजी म्हणाले. “माझी अठ्ठावीस होती.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मालकही हसले, पण त्यांचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

“उन्हाच्या बाजूला सत्तावीस,” दाजींनी भर घातली. एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबवेना. “गरम टायरवर मोजली मी. मशीनचा दोष नाही. आज पहाटे सहापासून बाईंनी सगळी पुन्हा भरली. प्रत्येक गाडीच्या कप्प्यात कागद आहे, त्यावर माझं नाव आहे.”

मुख्य ड्रायव्हर सावकाश जवळच्या व्हॅनपाशी गेला, कप्पा उघडला, खिशातून चष्मा काढला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग दुसऱ्या व्हॅनमधलं वाचलं.

“स्टेपनी पण बघितली आहे,” तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. “स्टेपनी कोणी बघत नाही.” आणि मालकांकडे वळून, “ह्या बाई कुठे आहेत?”

दाजींनी किल्लीने दाखवलं. ड्रायव्हर तिकडे गेला. पुढची पंधरा मिनिटं तो आणि बाई एका चाकाशी उकिडवे बसून व्हॉल्व्हबद्दल बोलत होते, आणि इकडे डॉक्टरीणबाई, मालक, फोटोवाला आणि हातभर किल्ली असे सगळे त्यांचं संपायची वाट बघत उभे होते.

व्हॅन गेल्यावर मालकांनी दार लावून घेतलं. टेबलावर तो कागद होता. सही अजून व्हायची होती.

“लोकांसमोर, दाजी,” मालक म्हणाले. “पाहुण्यांसमोर. मला कोपऱ्यात घेऊन सांगता आलं नसतं?”

“कोपऱ्यात सांगितलं असतं तर तुम्ही मला गप्प बसवलं असतं. आणि मी बसलो असतो. मला माझी सवय माहीत आहे.”

“मशीन वाईट आहे का?”

“मशीन उत्तम आहे. त्याला कधी विचारायचं ते माहीत असलेला माणूस हवा.”

“मग तेवढं कोणालाही शिकवा. त्याला पद कशाला लागतं?”

“मला शिकवलं होतं,” दाजी म्हणाले. “परवा सकाळी. मी लिहूनसुद्धा घेतलं.” त्यांनी वही उघडून मालकांपुढे ठेवली. मालकांनी वाचलं, ‘बाईंना बोलायची हौस.’ त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते मालक असल्यामुळे त्यांनी ते आवरलं.

दाजींनी कागद ओढून घेतला. खोडलेला शब्द परत सरळ करता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी ‘अनावश्यक’सुद्धा खोडला, पट्टीशिवाय, आणि वरच्या मोकळ्या जागेत हाताने ‘आवश्यक’ लिहून खाली पूर्ण नावाने सही केली. ते नाव वाचायला मालकांना क्षणभर लागलं.

“ताईला काय सांगू?” मालकांनी विचारलं.

“ताईला मी सांगतो. एक वेळ कमी वाढेल.”

मालकांनी कागद आपल्याकडे ओढला. ते धंद्याचे माणूस होते, आणि धंद्याच्या माणसाला कुठे ना कुठे वसुली लागते. “ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “बाई राहतील. पण तुमच्याच घड्याळाने एकट्या माणसाकडून नऊपर्यंत आठ गाड्या होत नाहीत. हे खरं ना?”

“खरं.”

“म्हणजे जोडीला दुसरा माणूस लागणार. नवीन माणूस मी घेणार नाही.” त्यांनी कागदावर सही ठोकली. “तुम्ही सोमवारपासून साडेसहाला.”

सोमवारी दाजी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी यार्डात होते. बायकोने शोधून दिलेली जुनी पँट, आणि कोणाच्या तरी मापाचा खाकी एप्रन. बाईंनी त्यांना स्वतःचा गेज दिला नाही, दुसरा दिला. दाजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. पहिल्या गाडीपाशी ते बसले, पालथा हात टायरला लावला. गार होता. त्यांनी व्हॉल्व्हची टोपी काढून शेजारी फरशीवर ठेवली आणि गेज लावला.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले, आणि स्वतःच्या आवाजातला अभिमान त्यांना स्वतःलाच ऐकू आला.

बाई वाकल्या, आपला गेज लावून पाहिलं. आकड्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. बरोबर आकड्याबद्दल काय बोलायचं असतं.

“टोपी कुठे ठेवलीत?”

“ही काय, खाली.”

“खालची माती टोपीत जाते, टोपीतून व्हॉल्व्हमध्ये जाते. दातात धरा.”

दाजींनी टोपी एप्रनला पुसली आणि दातात धरली. बोलायची सोयच राहिली नाही. दाजी दुसऱ्या चाकाकडे सरकले, तीनदा मोजलं आणि आकडा बाईंना बोटांवर दाखवला. बाईंनी तो लिहून घेतला.